राखीव नफा आणि शेअरचे मोल

कंपनीला वर्षअखेर जो निव्वळ नफा होतो त्याचे दोन भाग पडतात. एक लाभांश म्हणून भागधारकांच्या हाती जातो आणि दुसरा कंपनीतच राहतो. हा दुसरा भाग म्हणजे राखीव नफा. ताळेबंदात तो भागभांडवलाच्या खाली, राखीव निधी आणि अधिशेष या सदरात वर्षानुवर्षे साठत जातो. त्याची मालकी भागधारकांची असते, पण तो कुठे घालायचा हे संचालक ठरवतात. ताळेबंदात आकडा दिसतो म्हणून तेवढी रोकड बँकेत पडून असते असेही नाही. बहुतेक वेळा त्या पैशाची यंत्रे झालेली असतात, कच्चा माल भरलेला असतो, कर्ज फिटलेले असते किंवा गिऱ्हाइकांकडे उधारी थकलेली असते.

शेअरचे मोल बाजारातल्या भावावरून न ठरवता त्यामागच्या धंद्यावरून ठरवण्याच्या रीतीला मूलभूत विश्लेषण म्हणतात. नफा, मालमत्ता, कर्ज, व्यवस्थापनाची सचोटी आणि पुढील कमाईची शक्यता यांचा हिशेब मांडून ही रीत शेअरच्या किमतीपर्यंत पोहोचते. ती घडायला तीन शतकांहून अधिक काळ लागला आणि त्या वाटेवर एक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला: मालकाला न दिलेला नफा कंपनीत राहून मालकासाठी किती कमावतो?

अ‍ॅमस्टरडॅमचे भागधारक

या प्रश्नावरचा पहिला मोठा वाद डच ईस्ट इंडिया कंपनीत झाला. १६०२ मध्ये सुमारे ६४ लाख गिल्डर भांडवलावर ही कंपनी स्थापन झाली. दहा वर्षांनी हिशेब पुरा करायचा आणि ज्याला हवे त्याने आपले भांडवल काढून घ्यायचे, अशी तरतूद सनदेत होती. पण पूर्वेकडून आलेला पैसा संचालक जहाजांवर, वखारींवर आणि पोर्तुगिजांविरुद्धच्या लढायांवर खर्च करत राहिले. पहिली काही वर्षे भागधारकांना लाभांश मिळालाच नाही. कंपनीचा माजी संचालक आणि मोठा भागधारक इसाक ल मेअर याने १६०९ मध्ये सरकारकडे अर्ज करून या कारभाराविरुद्ध तक्रार केली. १६१० मध्ये पहिला लाभांश जाहीर झाला तो जायपत्रीच्या रूपात, आणि पुढे मिरीही वाटली गेली. १६१२ मध्ये ठरलेला हिशेब झाला नाही आणि भांडवल कायमचे कंपनीत अडकले. ज्याला पैसा मोकळा करायचा होता त्याला अ‍ॅमस्टरडॅमच्या बाजारात आपला हिस्सा दुसऱ्याला विकण्यावाचून मार्ग उरला नाही.

कायम भांडवलाची कंपनी आणि शेअर बाजार ही जोडी अशा रीतीने एकत्र आली. परंतु कंपनीचे हिशेब भागधारकांसाठी खुले नव्हते, त्यामुळे राखलेल्या पैशातून काय उभे राहिले हे तपासण्याचे साधन खरेदीदाराकडे नव्हते. भाव ठरत तो जहाजांच्या बातम्यांवर आणि लाभांशाच्या आशेवर. १६२२ च्या सुमारास सनदेच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा नाराज भागधारकांनी पत्रके काढून हिशेबाची मागणी केली. राखीव नफ्यावर विश्वास ठेवायचा तर आधी हिशेब पाहायला मिळाला पाहिजे, ही जाणीव त्या पत्रकांमागे होती.

मुंबई: भाव आधी, हिशेब नंतर

मुंबईत १८५० च्या दशकात मोजके दलाल टाउन हॉलसमोरच्या झाडांखाली शेअरचे व्यवहार करत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरला पोहोचेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत आलेल्या या पैशावर बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या भराभर उभ्या राहिल्या. या तेजीचा सूत्रधार म्हणून प्रेमचंद रायचंद यांचे नाव घेतले जाते. बॅक बे रिक्लेमेशन कंपनीच्या ५,००० रुपयांच्या शेअरचा भाव ५०,००० रुपयांच्या आसपास गेला. यांतल्या बहुतेक कंपन्यांनी अजून धंद्यातून नफा मिळवलेला नव्हता, त्यामुळे राखण्यासारखेही काही नव्हते. भावाला आधार होता तो उद्या त्याहून चढा भाव मिळेल या अपेक्षेचा.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपत आल्याची बातमी आली आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांच्या सौद्यांची पूर्तता व्हायची होती. त्या दिवशी देणेकऱ्यांची साखळी तुटली आणि शहरातली अनेक घराणी दिवाळखोरीत गेली. बँक ऑफ बॉम्बेही त्यातून सावरली नाही आणि १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली. या उलथापालथीचा वृत्तांत दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये ग्रंथरूपाने लिहिला. दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना स्थापन केली आणि पुढे तिचाच मुंबई शेअर बाजार झाला.

त्या काळात खऱ्या अर्थाने नफा कमावणारा धंदा कापडगिरण्यांचा होता. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १८७७ च्या आरंभी नागपुरात सुरू झाली. वऱ्हाड-नागपूरच्या कापूसपट्ट्यात बसवलेल्या या गिरणीने नव्या प्रकारच्या रिंग चात्या लवकर वापरात आणल्या आणि कमाई यंत्रांच्या सुधारणेत घालण्याचा फायदा दाखवून दिला.

मुंबईतल्या बऱ्याच गिरण्यांची रचना मात्र भागधारकांना प्रतिकूल होती. गिरणीचा कारभार मॅनेजिंग एजंटांच्या हाती असे आणि त्यांचे कमिशन सुरुवातीला उत्पादनावर, म्हणजे सुताच्या दर पौंडामागे ठरलेले असे. नफा झाला नाही तरी एजंटाची मिळकत चालूच राही. घसाऱ्यासाठी आणि राखीव निधीसाठी पैसा बाजूला टाकण्याची निकड त्यामुळे त्याला फारशी भासत नसे. पुढे कमिशन विक्रीवर आणि नंतर नफ्यावर ठरू लागले. १९३६ च्या कंपनी कायदा दुरुस्तीने नव्या करारांसाठी निव्वळ नफ्याचा पाया घालून दिला.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी आणि त्यानंतरच्या तीनचार वर्षांत गिरण्यांना अभूतपूर्व नफा झाला. तो मोठ्या प्रमाणावर लाभांशात वाटला गेला आणि अनेक कंपन्यांनी भागभांडवल फुगवून घेतले. १९२३ नंतर मंदी आली तेव्हा जपानी मालाशी टक्कर द्यायला लागणारी नवी यंत्रे घेण्याइतकी गंगाजळी अनेकांकडे नव्हती. १९२७ मध्ये टॅरिफ बोर्डाने या उद्योगाची चौकशी केली तेव्हा फुगलेले भांडवल आणि तेजीतले लाभांश हे दोन्ही दोष चर्चेत आले. नफा राखला नाही तर काय होते, याचा हा मुंबईचा धडा होता.

टाटा आयर्न अँड स्टील कंपनीचे उदाहरण वेगळे आहे. १९०७ मध्ये तिच्यासाठी सुमारे आठ हजार हिंदी गुंतवणूकदारांनी तीन आठवड्यांत १६ लाख ३० हजार पौंड उभे केले. स्वदेशीचा उत्साह आणि टाटा या नावावरचा भरवसा यांवर हा पैसा आला. ज्याच्यावरून हिशेब मांडावा असा भूतकाळ त्या कंपनीला नव्हताच. युद्धानंतर मोठा विस्तार हाती घेतला असतानाच पोलादाच्या किमती घसरल्या. १९२४ मध्ये कामगारांचे पगार देणेही कठीण झाले तेव्हा दोराबजी टाटा यांनी आपली खासगी संपत्ती तारण ठेवून कंपनी तारली. राखलेला आणि उसना घेतलेला पैसा विस्तारात गेला, तरी त्याचे फळ मिळेपर्यंत तग धरण्याइतकी रोकड हाताशी असावी लागते, हे या प्रसंगातून दिसते.

फोर्ड, स्मिथ आणि केन्स

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात समजदार गुंतवणूकदाराची गुंतवणूक म्हणजे रोखे, असा समज होता. शेअर हा सट्ट्याचा विषय मानला जाई. हेन्री पुअर यांनी १८६० मध्ये रेल्वे आणि कालवा कंपन्यांची माहिती ग्रंथरूपाने छापली आणि जॉन मूडी यांनी १९०९ मध्ये रेल्वेच्या रोख्यांना प्रतवारी द्यायला सुरुवात केली. या प्रतवारीचा रोख व्याज वेळेवर मिळेल की नाही एवढ्यावरच होता. भागधारकाचा नफा कंपनीत राहून वाढतो का, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर होता.

तो प्रश्न न्यायालयात आला फोर्ड मोटर कंपनीमुळे. १९०३ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे भागभांडवल २० लाख डॉलर होते. १९१६ पर्यंत तिच्याकडे जवळपास ११ कोटी २० लाख डॉलरचा अधिशेष जमला. हेन्री फोर्ड यांनी विशेष लाभांश बंद केला, मोटारीची किंमत ४४० डॉलरवरून ३६० डॉलरवर आणली आणि पैसा रूज नदीकाठच्या नव्या कारखान्यात घालायचे ठरवले. १० टक्के हिस्सा असलेल्या जॉन आणि होरेस डॉज या भावांनी दावा लावला. त्यांचा स्वतःचा मोटारींचा कारखाना होता आणि त्यासाठी त्यांना पैसा हवा होता. १९१९ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ९३ लाख डॉलर लाभांश वाटण्याचा आदेश कायम ठेवला. पण कारखान्याचा विस्तार रोखायला नकार दिला, कारण धंद्याचे निर्णय संचालकांनीच घ्यायचे असतात, असे न्यायालयाचे मत होते.

त्याच वर्षी फोर्ड यांनी डॉज बंधूंचा हिस्सा अडीच कोटी डॉलरला विकत घेतला. त्या हिश्शासाठी डॉज बंधूंनी १९०३ मध्ये १० हजार डॉलर घातले होते आणि मधल्या काळातले लाभांश वेगळेच मिळाले होते. मूळ गुंतवणूक इतकी वाढली ती मुख्यतः कंपनीत राहिलेल्या नफ्याने, कारण तो नफा असाधारण दराने कमावत होता. न वाटलेल्या नफ्याबद्दल भांडणाऱ्या भागधारकांनाच त्या नफ्याचा सर्वांत मोठा लाभ झाला.

१९२४ मध्ये एडगर लॉरेन्स स्मिथ या अमेरिकी विश्लेषकाचे दीर्घ मुदतीच्या शेअर गुंतवणुकीवरचे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. किमती पडत्या असताना रोखे शेअरपेक्षा सरस ठरतात हे सिद्ध करण्याच्या हेतूने त्यांनी १८६६ पासूनची आकडेवारी जमवली होती. निष्कर्ष उलटा निघाला. वेगवेगळ्या कालखंडांतल्या त्यांच्या जवळजवळ सर्व चाचण्यांत शेअरच पुढे राहिले.

जॉन मेनार्ड केन्स यांनी १९२५ मध्ये या पुस्तकाचे परीक्षण लिहिताना स्मिथ यांच्या मांडणीतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा नेमका उचलला. चांगल्या कंपन्या सगळा नफा वाटत नाहीत. निदान बऱ्या वर्षांत तरी त्यातला काही भाग धंद्यात परत घालतात, आणि त्यावर चक्रवाढ व्याजासारखी वाढ मिळते. रोख्याच्या धारकाला व्याज मिळते पण मुद्दल तेवढेच राहते. शेअरच्या धारकाचे मुद्दल मात्र त्याच्या हातून एक पैसाही न जाता वाढत जाते. शेअरचा परतावा केवळ लाभांशाच्या दरावरून मोजणे त्यामुळे अपुरे ठरले. पुढच्या चार वर्षांत बाजाराने हा विचार अर्धाच उचलला. शेअर दीर्घ मुदतीत वाढतात एवढे लक्षात ठेवले आणि कोणत्या भावाला घ्यावेत, हे पाहणे सोडून दिले.

बेंजामिन ग्रॅहॅम यांची शिस्त

त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन ग्रॅहॅम राखीव नफ्याची दुसरी बाजू उघडी पाडत होते. १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइलचे विभाजन झाले तेव्हा नॉर्दर्न पाइप लाइन ही छोटी कंपनी वेगळी झाली होती. १९२६ मध्ये ग्रॅहॅम यांनी वॉशिंग्टनला जाऊन आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे दाखल झालेली कागदपत्रे वाचली. कंपनीचा शेअर ६५ डॉलरला मिळत होता, पण तिच्याकडे शेअरमागे सुमारे ९५ डॉलरचे रोखे व तत्सम गुंतवणूक पडून होती. पाइपलाइन चालवायला या पैशाची गरज नव्हती. व्यवस्थापनाने तो परत द्यायला नकार दिला. १९२७ च्या वार्षिक सभेत ग्रॅहॅम एकटे गेले आणि त्यांच्या ठरावाला अनुमोदक मिळाला नाही. पुढच्या वर्षी इतर भागधारकांची मते गोळा करून त्यांनी संचालक मंडळात जागा मिळवल्या आणि कंपनीला शेअरमागे ७० डॉलर वाटावे लागले.

फोर्डच्या कारखान्यात राहिलेला डॉलर अनेक डॉलर कमावत होता, तर नॉर्दर्न पाइप लाइनच्या तिजोरीतला डॉलर बाजाराच्या लेखी एका डॉलरचाही राहिला नव्हता. राखीव नफ्याची रक्कम सारखी असली तरी त्याचे मोल सारखे नसते, हे या दोन उदाहरणांतून स्पष्ट होते.

३ सप्टेंबर १९२९ रोजी ३८१ वर असलेला डाऊ जोन्स निर्देशांक जुलै १९३२ मध्ये ४१ पर्यंत खाली आला. या पडझडीनंतर ग्रॅहॅम आणि कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे सहकारी डेव्हिड डॉड यांचा ‘सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस’ हा ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. मूलभूत विश्लेषणाला शिस्त मिळाली ती या ग्रंथाने. एका वर्षाच्या नफ्याऐवजी अनेक वर्षांची सरासरी पाहणे, घसारा व एकवेळच्या नोंदी तपासून नफा दुरुस्त करणे, मालमत्ता व कर्ज यांचा मेळ घालणे आणि काढलेल्या मूल्यापेक्षा बऱ्याच कमी भावात खरेदी करून सुरक्षिततेसाठी अंतर ठेवणे, ही त्याची मुख्य सूत्रे होती.

राखीव नफ्याबद्दल ग्रॅहॅम सावध होते. ग्रंथाच्या १९५१ च्या आवृत्तीत त्यांनी दिलेल्या सूत्रात बाजार वाटलेल्या एका डॉलरला राखलेल्या डॉलरच्या चौपट वजन देतो, असे गृहीत होते. भागधारकाला हातात आलेल्या पैशाची खात्री असते, पण संचालकांच्या हाती राहिलेल्या पैशाची नसते, हा त्यामागचा अनुभव होता.

या अविश्वासाला ब्रिटनमध्ये १९३१ मध्ये मोठे कारण मिळाले. रॉयल मेल ही जहाज कंपनी १९२० च्या दशकात तोट्यात असूनही जुन्या गुप्त राखीव निधीतली रक्कम वळती करून नफा दाखवत होती. अध्यक्ष लॉर्ड किलसँट आणि लेखापरीक्षक यांची हिशेबांच्या आरोपातून सुटका झाली, कारण अशी पद्धत तेव्हा सर्रास चालत असे. मात्र कर्जरोख्यांच्या दिशाभूल करणाऱ्या माहितीपत्रकाबद्दल किलसँट यांना तुरुंगवास झाला. अमेरिकेत १९३३ आणि १९३४ च्या कायद्यांनी कंपन्यांना हिशेब उघड करणे भाग पाडले. ब्रिटनच्या १९४८ च्या कंपनी कायद्याने राखीव निधीतली भर आणि उचल दाखवणे सक्तीचे केले. अ‍ॅमस्टरडॅमच्या भागधारकांची मागणी सव्वातीनशे वर्षांनी कायद्यात उतरली.

सूत्रे आणि त्यांची कसोटी

१९३८ मध्ये जॉन बर विल्यम्स यांनी मांडले की शेअरचे मूल्य म्हणजे त्यापासून पुढे मिळणाऱ्या सर्व लाभांशांचे आजचे मूल्य. राखलेला नफा या सिद्धांतात नाहीसा होत नाही. तो उद्याच्या मोठ्या लाभांशाच्या रूपाने हिशेबात येतो, आणि आला नाही तर तो वाया गेला असे समजायचे. १९५० च्या दशकात मायरन गॉर्डन यांच्या कामातून याचे सोपे रूप पुढे आले. नफ्याचा किती भाग राखला आणि त्यावर किती टक्के परतावा मिळाला, या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे नफ्याच्या वाढीचा दर. नफ्याचा ६० टक्के भाग राखून त्यावर २० टक्के कमावणारी कंपनी वर्षाला १२ टक्क्यांनी वाढते.

या गणिताचा दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. गुंतवणूकदाराला तेवढ्याच जोखमीवर दुसरीकडे १२ टक्के मिळत असतील आणि कंपनी राखलेल्या पैशावर ८ टक्केच कमावत असेल, तर राखलेल्या १०० रुपयांचे मोल सुमारे ६७ रुपयेच होते. अशा कंपनीचा नफा वर्षागणिक वाढताना दिसतो, पण भागधारक गरीब होत जातो. केवळ नफ्याची वाढ पाहणाऱ्याला हे दिसत नाही.

जॉन लिंटनर यांनी १९५६ मध्ये २८ अमेरिकी कंपन्यांच्या अभ्यासातून दाखवले की व्यवस्थापक आधी लाभांश ठरवतात, तो शक्यतो कमी होऊ देत नाहीत, आणि जे उरते ते राखले जाते. फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर यांनी १९६१ मध्ये सिद्ध केले की कर आणि व्यवहारखर्च नसलेल्या आदर्श बाजारात, गुंतवणुकीचे निर्णय ठरलेले असतील तर लाभांश किती वाटला याने कंपनीचे मूल्य बदलत नाही. मूल्य ठरते ते पैसा कशात घातला यावरून. व्यवहारात बाजार आदर्श नसतो आणि व्यवस्थापकही निःस्वार्थी असतातच असे नाही, म्हणून प्रश्न शिल्लक राहतो.

ग्रॅहॅम यांचे विद्यार्थी वॉरन बफे यांनी त्याला कसोटीचे रूप दिले. १९६५ मध्ये त्यांनी बर्कशायर हॅथवे या मॅसॅच्युसेट्समधल्या कापड कंपनीचा ताबा घेतला. तिने त्यांच्या काळात १९६७ मध्ये एकदाच, शेअरमागे १० सेंट लाभांश दिला. राखलेल्या प्रत्येक डॉलरमागे बाजारमूल्यात निदान एक डॉलरची भर पडली पाहिजे आणि हे पाच वर्षांच्या कालखंडांवर तपासले पाहिजे, ही कसोटी त्यांनी स्वतःच्या कंपनीला लावली.

त्यांच्याच कंपनीतले दोन धंदे या कसोटीचे धडे ठरले. कापडधंद्यात नवी यंत्रे घेतली तरी प्रतिस्पर्धीही तीच घेत, किमती उतरत आणि फायदा गिऱ्हाइकाला जाई. १९८५ मध्ये त्यांनी तो धंदा बंद केला. याउलट १९७२ मध्ये अडीच कोटी डॉलरला घेतलेल्या सीज कँडीज या मिठाईच्या कंपनीने २००७ पर्यंत करपूर्व १३५ कोटी डॉलर कमावले आणि या काळात तिला केवळ ३ कोटी २० लाख डॉलर जादा भांडवल लागले. उरलेला पैसा इतर धंदे विकत घ्यायला मोकळा झाला. कापडगिरणीचा राखीव नफा धंद्यात टिकून राहण्यासाठी घातलेला होता, तर मिठाईचा बराचसा नफा खऱ्या अर्थाने मालकाचा होता.

भारत: सरकारी सूत्रापासून खुल्या भावापर्यंत

भारतात नफा राखावा की वाटावा या प्रश्नात राज्यसंस्था दीर्घकाळ गुंतलेली राहिली. मोजक्या लोकांच्या हातातल्या कंपन्या लाभांश न वाटता मालकांचा वैयक्तिक कर टाळतात म्हणून १९३० मध्ये प्राप्तिकर कायद्यात तरतूद आली. अशा कंपनीने ठरलेल्या प्रमाणाहून कमी नफा वाटला तर उरलेलाही वाटला असे समजून कर आकारला जाई. १९७४ मध्ये धोरण उलट दिशेला वळले. महागाई आवरण्यासाठी सरकारने लाभांशावर मर्यादा घातली: करोत्तर नफ्याचा एक तृतीयांश भाग किंवा दर्शनी किमतीच्या १२ टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढेच वाटता येई. शेअरचे भाव कोसळले. तोवर भारतीय गुंतवणूकदार शेअरला बहुतांशी लाभांशाच्या मापानेच जोखत होता, हे त्या घसरणीने दाखवून दिले. १९७५ च्या नियमांनी १० टक्क्यांपेक्षा जास्त लाभांश देणाऱ्या कंपन्यांना नफ्याचा २.५ ते १० टक्के भाग राखीव निधीत टाकणे बंधनकारक केले. २०१३ च्या कंपनी कायद्यात ही सक्ती राहिली नाही.

नव्या शेअरची किंमतही सरकार ठरवत असे. १९४७ च्या कायद्याखाली भांडवल उभारणीचे नियंत्रक दोन आकडे काढत. पहिला निव्वळ मालमत्तेचा, ज्यात साठलेला राखीव नफा थेट येई. दुसरा गेल्या काही वर्षांच्या सरासरी करोत्तर नफ्याचा, जो कारखानदारी कंपनीसाठी साधारणपणे १५ टक्के दराने भांडवली मूल्यात बदलला जाई. दोहोंची सरासरी म्हणजे रास्त किंमत. भूतकाळाचा हिशेब सूत्रात होता, पण राखलेला नफा पुढे किती कमावेल याला त्यात फारशी जागा नव्हती. त्यामुळे चांगल्या कंपन्यांचे शेअर पुष्कळदा स्वस्तात विकले गेले. १९७३ च्या परकीय चलन कायद्यामुळे कोलगेटसारख्या बहुराष्ट्रीय कंपन्यांना भारतीयांना हिस्सा विकावा लागला, तेव्हा मुंबई-पुण्याच्या अनेक मध्यमवर्गीय घरांत असे शेअर आले. त्यांवर पुढे बोनस शेअरही मिळाले. बोनस शेअर म्हणजे राखीव नफ्याचे भागभांडवलात रूपांतर. त्याने मालकाचा हिस्सा वाढत नाही, पण कंपनीने पुष्कळ नफा राखला आहे याची जाहीर खूण म्हणून बाजार त्याकडे पाहत आला.

१९९२ मध्ये भांडवल उभारणीच्या नियंत्रणाचा १९४७ चा कायदा रद्द झाला, सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेला वैधानिक अधिकार मिळाले आणि किंमत ठरवणे कंपन्या व बाजार यांच्यावर आले. त्याच वर्षी शेअर दलाल हर्षद मेहता याचे घोटाळ्याचे प्रकरण घडले. आज नवा कारखाना उभारायला किती खर्च येईल यावरून शेअरचे मोल ठरवावे, असे समर्थन तेव्हा दिले जाई आणि एसीसीचा शेअर काही महिन्यांत अनेक पटींनी चढला. पण कारखाना महाग आहे याने त्याची कमाई वाढत नाही. एप्रिल १९९२ मध्ये सुचेता दलाल यांनी बँकांतल्या घोटाळ्याची बातमी उघड केली आणि बाजार खाली आला.

राखीव नफ्याच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबण्याचा धोका सत्यम या संगणक सेवा कंपनीने दाखवला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबूल केले की ताळेबंदातल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोकड व बँकशिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. खोटा नफा वर्षानुवर्षे राखीव निधीत साठत गेला आणि तो खोट्या बँकशिलकीच्या रूपात दाखवला गेला.

उलट बाजूला, खरी रोकड फार साठली तरी प्रश्न उरतो. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आणि नंतर बंगळुरूला गेलेल्या इन्फोसिसने २०१७ मध्ये १३,००० कोटी रुपयांची शेअर पुनर्खरेदी जाहीर केली, तर टीसीएसने त्याच वर्षी १६,००० कोटींची. धंद्यात कामी न येणारा पैसा परत करणे हाही व्यवस्थापनाच्या गुणवत्तेचा भाग मानला जाऊ लागला.

आजची पद्धत आणि तिच्या मर्यादा

आज ही कसोटी लावण्याची साधी रीत अशी आहे. दहा वर्षांची प्रति शेअर मिळकत एकत्र करायची आणि त्यातून तेवढ्याच वर्षांचे लाभांश वजा करायचे. उरलेली रक्कम म्हणजे शेअरमागे राखलेला नफा. मग या काळात वार्षिक मिळकत किती वाढली ते पाहायचे. समजा एका कंपनीने दहा वर्षांत शेअरमागे २०० रुपये कमावले, ८० वाटले आणि १२० राखले, आणि तिची वार्षिक मिळकत १२ वरून ३० रुपयांवर गेली. १२० रुपयांनी १८ रुपयांची भर घातली, म्हणजे १५ टक्के. दुसऱ्या कंपनीने १५० कमावले, ३० वाटले आणि १२० राखले, पण मिळकत १२ वरून १८ वरच गेली. तिचा दर ५ टक्के. दोघींनी राखलेली रक्कम सारखीच आहे. दुसरीच्या भागधारकाला मात्र तो पैसा लाभांश म्हणून मिळून बँकेत ठेवता आला असता तर बरे झाले असते.

हा आकडा एकट्याने निर्णय देत नाही. पहिले किंवा शेवटचे वर्ष तेजीचे वा मंदीचे असेल तर निकाल फसवा येतो, म्हणून दोन्ही टोकांना दोनतीन वर्षांची सरासरी घेणे चांगले. मिळकत राखीव नफ्याऐवजी कर्जाच्या बळावर वाढली असेल तर कर्जाचे प्रमाण वाढलेले दिसते. महागाईच्या काळात घसाऱ्याची तरतूद जुन्या किमतींवर होते, त्यामुळे नवे यंत्र घेताना राखलेल्या नफ्यातला मोठा भाग धंदा आहे तिथेच ठेवण्यात जातो. नफ्याचा आकडा आणि धंद्यातून आलेली रोकड यांत वर्षानुवर्षे तफावत असेल तर उधारी, साठा आणि प्रवर्तकांच्या इतर कंपन्यांशी असलेले व्यवहार तपासावे लागतात. सत्यमच्या बाबतीत रोकडही खोटी निघाली, म्हणून मोठ्या बँकशिलकीवर मिळालेले व्याज तिच्या मानाने योग्य आहे का हेही विश्लेषक पाहतात. शेवटी, उत्तम दराने नफा राखणारी कंपनीही फार चढ्या भावात घेतली तर गुंतवणूक फसते. धंद्याचे मोल आणि शेअरचा भाव हे दोन स्वतंत्र हिशेब आहेत, आणि दोन्ही मांडून झाल्याशिवाय मूलभूत विश्लेषण पुरे होत नाही.